यादीतला सहावा

भुईगावच्या बॅप्टिस्ट मास्तरांनी आयुष्यात एकच खोटं लिहिलं, आणि ते इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं की समुद्राला ते खरं वाटलं.

मास्तर हे नुसते नावाचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. घरी केळी आणि पानवेल, आणि नोकरी मात्र वसईच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत सेक्रेटरीची. रोज सकाळी सायकलवरून बंदरावर यायचं, बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखालून मान वाकवून ऑफिसात शिरायचं आणि कोळ्यांचे कागद भरायचे. लायसनचा अर्ज, नूतनीकरणाचा अर्ज, जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप, पावसाळ्याच्या बंदीत होडी किनाऱ्यावर शाकारलेली होती असा दाखला. पाण्यातल्या प्रत्येक गोष्टीला सरकारचा एक कागद होता आणि प्रत्येक कागदावर मास्तरांचं टपोरं, वळणदार अक्षर होतं. मासळीला लिहिता-वाचता येत असतं, तर तिनंही आपला अर्ज त्यांच्याकडूनच भरून घेतला असता, असं बंदरावर म्हणत. स्वतः मास्तर मात्र होडीत कधी चढले नव्हते. भरतीचं पाणी जेटीच्या तिसऱ्या पायरीला लागलं की ते पाचव्या पायरीवर सरकत.

२००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर समुद्राच्या बाजूनं माणसं चालून आली आणि सरकारला एकाएकी आठवलं की आपल्याला समुद्रही आहे. पुढच्या हंगामापासून नवा नियम निघाला. होडी निघण्याआधी खलाशांच्या नावांची यादी द्यायची, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. होडी परतली की जेटीवरच्या हवालदारानं यादी हातात घेऊन डोकी मोजायची. गेले तेवढेच आले पाहिजेत. एक कमी आला तर चौकशी, आणि एक जास्त आला तर काय होईल ते विचारायचंच नाही.

आता रेजिनाबायची गोष्ट. तिचा नवरा मार्सेल नाखवा, 'रोझारी' होडीचा मालक आणि सुकाणू धरणारा तांडेल, २००७च्या सप्टेंबरात भर दुपारी होडीवरून नाहीसा झाला. वादळ नव्हतं, लाट नव्हती. पाणी तेलासारखं पडून होतं. रेजिनाबायचा धाकटा भाऊ प्लासिड पुढच्या बाजूला चहा ओतत होता. कप घेऊन तो मागं वळला तर सुकाणूजवळ नाखव्याच्या चपला होत्या, नाखवा नव्हता. आठ दिवस चाळीस होड्यांनी पाणी धुंडाळलं. शर्टाचं बटनही मिळालं नाही.

वसईच्या वकिलानं तिला दोनच प्रश्न विचारले होते.

"बुडताना कुणी पाहिला?"

"नाय."

"प्रेत?"

"नाय."

"मग बाई, तुमचा नवरा कायद्यानं सात वर्षं जिवंत आहे."

रेजिनाबाय हे ऐकून रडली नाही. उलट तिला तो वकील आवडला. घरी येऊन तिनं फादरना निरोप धाडला की मृतासाठीची मिस्सा ठेवू नका. काळं लुगडं शेजारणीनं आणून दिलं होतं ते परत केलं. "कायदा त्याला जिवंत म्हनतो," ती म्हणाली, "मग मी त्याची बायको असून त्याला मेला म्हनू?"

इथपर्यंत ठीक होतं. पण २००९ साली बंदी उठायच्या सुमाराला 'रोझारी'चं लायसन संपलं. लायसन मार्सेलच्या नावावर. ते रेजिनाबायच्या नावावर करायचं तर मृत्यूचा दाखला पाहिजे, आणि दाखल्याला अजून पाच वर्षं. मार्सेलच्याच नावावर ठेवायचं तर अर्जावर त्याची सही पाहिजे आणि पुढं एक रकाना: 'मालक स्वतः होडीवर काम करतो काय? असल्यास हुद्दा.' लायसन नाही तर डिझेल नाही, बिल्ला नाही, आणि तशीच होडी काढली तर जप्ती. 'रोझारी'वर पाच खलाशी होते. पाच चुली, आणि सहावी रेजिनाबायची.

ती मास्तरांसमोर येऊन बसली. मासे कापून चिरलेले हात मांडीवर ठेवून नुसती त्या रकान्याकडं बघत राहिली. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिली.

मास्तरांनी पेन उघडलं. "कायद्यानं जिवंत आहे ना? मग काम करत असेल," असं काहीसं पुटपुटत त्यांनी लिहिलं: 'होय. तांडेल.' खाली मार्सेलची सही केली. शाळकरी पोरासारखी सही होती त्याची, नक्कल करायला काही अडचण पडली नाही. आणि लायसनवर तांडेल म्हटलं की रोजच्या यादीतही तो हवा, म्हणून यादीत पहिलं नाव घातलं, मार्सेल, तांडेल. खाली प्लासिड, जॉन आणि बाकीचे तिघे. होडीवर माणसं पाच, कागदावर सहा.

पहिल्या दिवशी 'रोझारी' परतायच्या वेळी मास्तर जेटीवर पाचव्या पायरीवर उभे. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. नाखवा वाटेत दुसऱ्या होडीवर चढला, किल्ल्याच्या बाजूला उतरला, पोट बिघडलं, अशी तीन खोटी खिशात तयार. हवालदार दिनानाथ सातारकडचा, नवा बदलून आलेला. त्यानं आयुष्यात विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं आणि मार्सेलला तर नाहीच नाही. त्यानं यादी समोर धरली, बोटानं डोकी मोजली.

"सहा. बरोबर. द्या बिल्ला, जावा."

मास्तरांनी मोजली. पाच होती.

दुसऱ्या दिवशीही सहा. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही सहा. मास्तरांच्या मनात दिनानाथविषयी एवढा आदर दाटून आला की आठवड्यानं त्यांनी घरची वेलची केळी पिशवीत घातली आणि चहाच्या टपरीवर त्याला गाठलं.

"हवालदारसाहेब, उपकार झाले. एका बाईचं घर वाचवलंत."

"कसले उपकार?" केळं सोलत दिनानाथ म्हणाला.

"तेच, 'रोझारी'चे. एक माणूस कमी असताना तुम्ही..."

दिनानाथनं केळं खाली ठेवलं. "मास्तर, नोकरी घालवता काय माझी? रोज सहा मोजतो मी. पाच जण मासळी उतरवत्यात आणि एक मागं बसून असतो. तांडेल हाय न्हवं तो? मोठा माणूस, उतरत न्हाय. पण मी म्हणतो, कपडे तरी बदलावेत माणसानं. रोज बघतो, नखशिखांत भिजलेला. पाठ करून बसतो, एकदा वळून बघत न्हाय. तुमच्याकडची माणसं गर्विष्ठ हायत बघा."

मास्तरांनी चहा न पिताच बाकावर ठेवला.

सातारचा माणूस चेष्टेखोर असतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दिनानाथ दोन दिवस रजेवर गेला तेव्हा बदली हवालदार आला. त्यानंही यादी हातात घेतली आणि म्हणाला, "सहा." तेव्हा मास्तरांच्या डोक्यात एक विचार आला आणि तो आला नसता तर बरं झालं असतं. हे दोघं मोजतात तेव्हा त्यांच्या हातात यादी असते. आपण मोजतो तेव्हा आपले हात रिकामे असतात.

यादीची कार्बन प्रत सोसायटीत राहत असे. दुसऱ्या दिवशी ती घेऊन ते पायरीवर उभे राहिले. दुपारचे साडेतीन वाजले होते, ऊन डोळ्यांत जात होतं, बायका टोपल्या घेऊन भांडत होत्या, कुत्री टोपल्यांमागं. असल्या वेळी भुताला बंदरावर उभं राहायलाही जागा मिळू नये. 'रोझारी' लागली. मास्तरांनी प्रत डोळ्यांसमोर धरली, मग खाली केली आणि मोजायला लागले.

प्लासिड. जॉन. बाकीचे तिघे. आणि मागं सुकाणूजवळ एक पाठ.

रुंद पाठ, तिला चिकटलेला चौकड्यांचा सदरा. सदऱ्यातून पाणी गळत होतं आणि फळीवर साचत नव्हतं. चेहरा पश्चिमेकडं. खलाशी त्याच्या शेजारून टोपल्या नेत होते आणि प्रत्येक जण, कुणी न सांगता, तेवढ्या जागेला वळसा घालून जात होता. मास्तरांच्या हातून कागद सुटला. तो पायरीवर पडला तशी ती जागा रिकामी झाली. त्यांनी तो उचलला नाही. सायकलही तिथंच विसरून ते भुईगावापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी प्लासिड सायकल परत द्यायला ऑफिसात आला आणि बसून राहिला.

"मास्तर, एक इचारू? रागावू नका."

"विचार."

"तुमी नाखव्याला तांडेल लिवलंय?"

"लिहावं लागलं. का?"

प्लासिडनं दाराकडं पाहून घेतलं. "सुकानू माझ्या हातात नाय राहत. पयल्या दिवसापासून. आमाला बरं वाटलं आधी. होडी आपली आपन जाळ्याच्या खुंटावर जाऊन उभी राहते, जाळं टाकायचं तिथं बरोब्बर, तोलून मापून. मासळी अशी की जाळं वर येईना. जॉन तर म्हनायचा, नाखवा सरगातून हाकतोय. पन आता..."

"आता काय?"

"आता खुंटावर थांबत नाय. रोज थोडी पुढं जाते. परवा किल्ला दिसायचा बंद झाला. काल डोंगर पन दिसंना. काल जॉननं इंजिन बंद केलं, तरी होडी जातच होती, मास्तर, पश्चिमेला, शिस्तीत, बैलाला वाट ठाऊक असावी तशी. पाच जनांनी सुकानू धरलं तवा वळली. उद्या वळल का ते मेरी मायेला ठाऊक. तांडेल तुमी त्याला केलाय. तांडेल सांगल तिकडं होडी जाते, हा काय सरकारचा कायदा नाय, आमचा हाय."

"मग जाऊ नका उद्या!"

"नाय जाऊन सांगू कोनाला? बायला? तिला सांगू की तुझा नवरा आमाला न्यायला आलाय?"

मास्तर दिवसभर टेबलाशी बसून राहिले. एका बाजूला रेजिनाबायचं लायसन, दुसऱ्या बाजूला पाच माणसं. संध्याकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीतून मार्सेलचं नाव काढून टाकलं. प्लासिडला तांडेल लिहिलं. लायसनची भानगड पुढं बघू. जप्त झाली तर होडी होईल, माणसं होणार नाहीत.

सकाळी बिल्ला देताना दिनानाथ नेमका आतल्या खोलीत फोनवर होता. त्यानं न मोजताच बिल्ला खिडकीतून बाहेर सरकवला. 'रोझारी' गेली. त्या दिवशी सुकाणू प्लासिडच्या हातात राहिलं, खुंटावरच जाळं पडलं, आणि दुपारी दोनलाच होडी परतली. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की ते चौथ्या पायरीवर उतरले.

दिनानाथनं यादी धरली. मोजलं. थांबला. पुन्हा मोजलं. मग शिटी वाजवली.

"कुणी हलायचं न्हाय! यादीत पाच. होडीत सहा. हा सहावा कोण?"

खलाशी एकमेकांकडं बघायला लागले.

"अहो, तोच तो," मास्तर कसेबसे म्हणाले, "रोजचा."

"रोजचा यादीत होता. आज यादीत न्हाय. यादीत नसलेला माणूस समुद्रातनं माझ्या जेटीवर आला, कळतंय काय मास्तर याचा अर्थ? ए, मागं बसलेला! वळ इकडं! नाव सांग!"

मागं बसलेला वळला नाही. दिनानाथ होडीत उडी मारणार होता, पण कसा कोण जाणे, त्याचा पाय जेटीच्या काठावरच अडकून राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. "गार वारा येतोय होडीतनं," तो हळूच म्हणाला, जणू स्वतःलाच. मग मोठ्यानं, "होडी ताब्यात! उद्या सकाळपर्यंत हा सहावा कोण ते कागदावर पाहिजे, न्हायतर वर कळवतो."

म्हणजे जिवंत ठेवावा तर पाच जणांना घेऊन जाणार, आणि खोडावा तर देशाचा शत्रू ठरणार. मास्तरांनी सोसायटीत जाऊन आतून कडी लावली. कडी लावून बसतात न बसतात तोच दार वाजलं. रेजिनाबाय होती. बंदरावर शिटी वाजली की सगळ्या बायकांना सगळं कळतं.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. खोटी सही, पाठ, पाणी, पश्चिम. ती ऐकत राहिली. रडेल, किंचाळेल, शिव्या देईल, म्हणून मास्तर खुर्ची मागं सरकवून बसले होते.

"पाठ करून बसतो म्हनालात?" तिनं विचारलं.

"हो. एकदाही वळला नाही."

"रुसलाय मग." ती अगदी सहज म्हणाली. "घरात पन तसंच. रुसला की भिंतीकडं तोंड करून बसायचा. मी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा ओरडायची, मग वळायचा." तिनं पदर खांद्यावर घेतला. "दोन वर्सं मी त्याला एकदा पन हाक नाय मारली, मास्तर. बाकीच्या बायका रडून, हाका मारून मोकळ्या झाल्या आस्त्या. मी म्हनलं, जिता हाय, येईल. हाक कशाला मारायची?"

मास्तरांनी उद्याची कोरी यादी पुढं ओढली.

"तांडेल कोन आसावा, हे कोन ठरवतं?"

"होडीचा मालक."

"आनि मालक रुसून बसला तर?"

"तसा रकाना नाही, रेजिनाबाय."

"मग लिवा. तांडेल, रेजिना. त्याला खाली लिवा, खलाशी. तांडेलचं ऐकावं लागतं ना खलाशाला? बगू या."

"बाईमाणूस होडीवर? खलाशी ऐकतील?"

"पाच जनांपैकी एकाला मी अंगाखांद्यावर वाढवलाय आनि चौघांना जेवू घातलंय. ऐकतील."

सकाळी मास्तरांनी दिनानाथला लेखी दिलं की कालच्या यादीत लेखनिकाच्या चुकीनं एक नाव राहून गेलं, क्षमस्व. दिनानाथनं ते वाचलं, नवी यादी वाचली, बोट फिरवून मोजलं.

"सात. मागच्यासकट सात. बाई तांडेल?"

"कायद्यात मनाई नाही," मास्तर म्हणाले. रात्रभर त्यांनी तेवढंच शोधलं होतं.

रेजिनाबाय लुगड्याचा पदर खोचून होडीत चढली. सुकाणूजवळच्या रिकाम्या फळीकडं तिनं पाहिलं, मग हात मागं करून म्हणाली, "मास्तर, यादीची ती दुसरी प्रत द्या."

मास्तरांनी वाकून कार्बन प्रत तिच्या हातात दिली. तिनं ती धरली आणि मान वर केली. मग ती नुसती बघत राहिली. इंजिन सुरू झालं, दोर सुटला, जेटी आणि होडी यांच्यात वावभर पाणी आलं, तरी ती बघत होती. शेवटी प्लासिडनं हात धरून तिला खाली बसवलं. ती बसली ती फळीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एका माणसाचं अंतर सोडून.

दोन वाजले. तीन वाजले. बाकीच्या सगळ्या होड्या लागल्या. त्यांच्यातला एक नाखवा म्हणाला की 'रोझारी' खुंटावर थांबलीच नाही, सरळ पश्चिमेला गेली, आणि सुकाणूवर बाई होती. चार वाजले. मास्तर पहिल्या पायरीवर येऊन उभे होते आणि पाणी त्यांच्या चपलांवरून येत-जात होतं, हे त्यांना कळलंही नाही. दिनानाथ कठड्याला टेकून यादीची घडी करत होता, उलगडत होता. आपण एक लायसन वाचवायला निघालो आणि पाच माणसं आणि एक बाई पाण्यावर लिहून दिली, हे मास्तरांच्या डोक्यातून जाईना.

साडेपाचला उन्हं कलली, तेव्हा काळा ठिपका दिसला.

'रोझारी' लागली. जाळं कोरडं होतं. दिनानाथनं यादी धरली. त्याचे ओठ हलले. पुन्हा हलले.

"सहा," तो म्हणाला. "सात गेले होते. मी मोजलेत, मी बिल्ला दिलाय. मागचा कुठाय?"

रेजिनाबाय होडीतून उतरली. पदर, केस, हात, सगळं कोरडं. फक्त उजवा तळवा ओला होता, आणि तो ती लुगड्याला पुसत होती तरी वाळत नव्हता.

"गेला," ती म्हणाली.

"गेला म्हंजे? कुठं गेला?"

"पान्यात. माझ्यासमोर."

दिनानाथनं टोपी काढली. त्याच्या पाळीत माणूस बुडाला होता, आणि त्याच सकाळी त्यानं स्वतःच्या बोटानं त्याला मोजला होता. त्याच्या नोकरीत इतका पक्का पुरावा त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. सोसायटीच्या ऑफिसात जबाब लिहायला बसले. अक्षर मास्तरांचं, सांगणं रेजिनाबायचं.

ती म्हणाली की डोंगर दिसायचे बंद झाले तिथवर होडी गेली. तिथं तिनं एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ओरडली, तांडेल म्हणून, की सुकाणू सोड आणि इकडं बघ. तेव्हा तो वळला. "मी म्हनलं, घरी येतोस तर चल, नायतर जा. माझ्या भावाला न्यू नकोस. असं दारात उभं राहू नकोस." त्यानं हात पुढं केला. तिनं धरला. मासळीसारखा होता. तो उठला, फळीवर उभा राहिला, आणि तरी तिनं हात धरूनच ठेवला होता. "तो थांबला, मास्तर. मी सोडते का बगत होता. दोन वर्सं तेवढ्यासाठीच थांबलेला."

"मग?" दिनानाथनं विचारलं.

"मग मी सोडला."

पाची खलाशांनी साक्षीदार म्हणून सही केली की आम्ही त्याला जाताना पाहिलं. त्यांच्या हातात यादी नव्हती, तेव्हा त्यांनी काय पाहिलं असेल ते ज्याचं त्याला ठाऊक. प्लासिड एवढंच म्हणाला की बायच्या समोर पाणी उघडलं आणि मिटलं, आणि त्यानंतर सुकाणू कधी नव्हे इतकं जड झालं. पण कागदाला तेवढं पुरलं. दोन वर्षांपूर्वी मार्सेल गेला तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून कायदा त्याला मरू देत नव्हता. आता त्याच्या बायकोनं पाहिलं होतं, पाच जणांनी पाहिलं होतं, आणि सरकारच्या हवालदारानं त्याला त्याच सकाळी जिवंत मोजलं होतं. पंचनामा वर गेला, तिथून कचेरीत गेला, आणि नाताळाच्या आत मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म मास्तरांच्या टेबलावर आला. तो भरला की दाखला, दाखला आला की लायसन रेजिनाबायच्या नावावर.

ती समोर बसली. या वेळी काळं लुगडं नेसून आली होती. मास्तर एकेक रकाना वाचत गेले आणि ती सांगत गेली. नाव. बापाचं नाव. धंदा. तारीख तर जबाबातच होती, ऑक्टोबर २००९. मास्तरांनी ती लिहिली, आणि पुढच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

"वय? जन्म त्रेसष्टचा. म्हणजे आता शेहेचाळीस."

"चव्वेचाळीस लिवा."

"रेजिनाबाय, २००९ वजा १९६३..."

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "मी बगितला त्याला. माझे केस पिकले या दोन वर्सांत. त्याचा एक पन नाय."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. या वेळी त्यांना खोटं लिहायचं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण मागं खोचलं, शाई फडक्याला टिपली, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: चव्वेचाळीस.